लिफ्टवाल्याचा चहा

सगळं थिएटर हसलं तेव्हा तो एकटा हसला नाही. पडद्यावर एक जाडजूड माणूस जिन्याच्या वळणावर उभा राहून शर्ट बदलत होता. खाकी काढून चौकटीचा घालत होता. घाईघाईत बटणं वरखाली लागली होती, एक बाही आत अडकली होती, आणि वरच्या मजल्यावरून पिशवी घेऊन उतरणारी बाई त्याला पाहून "अगं बाई!" करत आल्या पावली मागे पळाली. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसले. त्याची बोटं मात्र आपोआप स्वतःच्या शर्टाकडे गेली. बटणं बरोबर लागलेली होती. त्याने ती एकदा वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली. शेजारी मुलगी बसली होती. तीही हसत होती, पण हसता हसता तिने त्याच्याकडे चोरून पाहिलं, लहानपणी काही फोडून ठेवलं की पाहायची तसं, आणि तेवढ्याने त्याला कळलं की हिला माहीत होतं. म्हणूनच ती तिकिटं काढून आली होती. म्हणूनच तिने दारात उभं राहून म्हटलं होतं, "बाबा, चला ना. मामाने लिहिलेला सिनेमा आहे. किती दिवस घरात बसणार? जरा हसाल तरी."

तो जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला होता. वर मोटारीच्या खोलीत चढायचं, दोर पाहायचे, ग्रीस लावायचं, खाली खड्ड्यात उतरून कचरा काढायचा, दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसांना ओढून बाहेर घ्यायचं. अडकलेली माणसं बाहेर आली की आधी लिफ्टला शिव्या द्यायची, मग त्याला, आणि मग एखादी बाई म्हणायची, पाणी घेणार का? त्याच्या बायकोला याची पूर्ण कल्पना होती. म्हणून त्यांच्या घरी कुणीही कामाला आलं, नळवाला, रंगारी, तर ती त्याला पाहुण्यांच्या निळ्या दांडीच्या कपातून चहा द्यायची. "आमचेही कुणाच्या तरी दारात असेच उभे असतात," म्हणायची. पडद्यावरच्या घरात तोच कप होता. निळ्या दांडीचा. मेहुण्याने लिफ्टवाल्याचा नळवाला केला होता, नवऱ्याला बँकेत नोकरी दिली होती, बायकोच्या आजाराचं डोक्यावर नारळ पडणं केलं होतं. कप बदलायचा मात्र त्याला सुचला नव्हता, किंवा बदलावासा वाटला नव्हता.

खरं कसं झालं होतं ते त्या लोकांना कुठे माहीत होतं. नारळबिरळ काही पडला नव्हता. एके दिवशी तो कामावरून आला, अंगात खाकी, हातात हत्यारांची पिशवी. बायकोने दार उघडलं, त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "लिफ्ट बाहेर आहे. इथे नाही." त्याला वाटलं, चेष्टा करतेय. तिला चेष्टेची सवय होतीच. "माहीत आहे," असं म्हणून तो आत जायला लागला, तर ती दार धरून उभी राहिली. "अहो, असे काय घुसताय? घरात कुणी नाही. आमचे हे आता येतीलच." मग तो ओरडला, "अगं मी, मी!" आणि ती किंचाळली. समोरच्या बाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ओळखलं, "अहो, हे तुमचेच ना?" असं म्हणाल्या, तर बायको त्यांच्यावरच उखडली, "माझे हे मला माहीत नाहीत होय?"

डॉक्टर म्हणाले, डोक्यातला आजार आहे, चेहरे आधी जातात. आवाज, कपडे, सवयी राहतात काही दिवस. तिला खोटं पाडू नका, ती घाबरते. तेव्हा त्याने खोटं पाडलं नाही. तिला चौकटीच्या शर्टातला माणूस नवरा म्हणून चालत होता आणि खाकीतला लिफ्टवाला म्हणून. तो कामावरून आला की लिफ्टवाला म्हणून बेल वाजवायचा, चहा प्यायचा, उठायचा, जिन्याच्या वळणावर जाऊन शर्ट बदलायचा आणि नवरा म्हणून परत बेल वाजवायचा. शर्ट तो हत्यारांच्या पिशवीत घडी करून ठेवायचा, ग्रीस लागू नये म्हणून जुन्या उशीच्या अभ्र्यात. समोरच्या बाईंनी त्याला एकदा त्या अवस्थेत पाहिलं. त्या पळाल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, त्याची वर चढलेली कॉलर सरळ केली आणि उतरून गेल्या. पण कॉलर सरळ केली तर लोक हसणार कसे? म्हणून सिनेमात बाई पळाली.

पहिल्याच दिवशी तिने लिफ्टवाल्याला विचारलं होतं, "साखर किती?" आणि कोण जाणे काय मनात आलं, तो म्हणाला, "बिनसाखरेचा." घरी तो दोन चमचे घ्यायचा. पण त्याला वाटलं, आपण दुसरे आहोत ना, मग दुसऱ्यासारखंच राहावं. तेव्हापासून तो रोज कडू चहा प्यायला. नोकरी संपली तरी खाकी चढवून, जिना उतरून परत चढून प्यायला. पहिले काही दिवस घोट घशाखाली उतरत नव्हता. मग सवय झाली. मग तर असं झालं की संध्याकाळी नवरा म्हणून मिळणारा गोड चहाच त्याला पांचट वाटायला लागला. त्या चहाबरोबर कुणी बोलत नसे. ती कप आदळायची आणि आत जायची, जशी गेली कित्येक वर्षं जात होती, आणि तो पेपरात तोंड घालून बसायचा, जसा कित्येक वर्षं बसत होता.

लिफ्टवाल्याशी मात्र ती बोलायची. हनुवटी हातावर टेकून, समोर बसून. "तुमची बायको काय करते हो?"

"घरीच असते. बोलते खूप."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकतो."

"ऐकता कसले! मान हलवता. सगळे पुरुष मान हलवतात. आमचे हे तर मानसुद्धा हलवत नाहीत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, घराला आग लागलीय. तर म्हणाले, बरं."

तो हसला होता. मनापासून हसला होता, त्या 'बरं' म्हणणाऱ्या माणसावर, आणि तीही हसली होती. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाला हसलो. पण हसू थांबलं नव्हतं. तिने त्याला सांगितलं की लग्नाआधी तिला पोहायला शिकायचं होतं. त्याला माहीत नव्हतं. तिने सांगितलं की मुलीच्या वेळी ती रात्रभर एकटी घाबरली होती आणि हे बाहेर बाकावर झोपले होते, चक्क घोरत होते. तो झोपला नव्हता. तो डोळे मिटून बसला होता, कारण उघडे ठेवले की बाळंतिणीच्या खोलीचं बंद दार दिसत होतं. पण हे लिफ्टवाल्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तो फार तर एवढंच म्हणाला, "कदाचित जागे असतील." ती म्हणाली, "तुम्ही कशाला त्यांची बाजू घेता? तुम्ही त्यांना पाहिलंय तरी का?"

एका संध्याकाळी शर्ट बदलून आत आल्यावर त्याने नवरा म्हणून विचारलं, "कोण आलं होतं?" टेबलावर निळ्या दांडीचा कप होता, अजून गरम असेल. तिने तो कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि म्हणाली, "कुणी नाही."

इथे सिनेमात सगळ्यांत मोठा हशा होता. बायको पदरामागे कप लपवते, नवरा कपाकडे पाहतो, मग स्वतःच्या मिशीकडे पाहतो, मिशीला चहा लागलेला असतो, म्हणजे चोर तोच, तक्रार करणाराही तोच, आणि बायको शपथेवर सांगते की कुणी आलं नव्हतं. मागच्या रांगेतला एक माणूस हसून हसून ठसकला, त्याच्या बायकोने त्याची पाठ थोपटली. तो पडद्याकडे पाहत राहिला. त्याला आठवत होतं ते वेगळंच. तिने 'कुणी नाही' म्हटल्यावर त्याच्या छातीत काहीतरी घट्ट बसलं होतं, दोर पुलीत अडकतो तसं. ती खोटं बोलली होती. लिफ्टवाल्याला तिने नवऱ्यापासून लपवलं होतं. आणि तो रागावला कुणावर? त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो त्या लिफ्टवाल्याचा इतका द्वेष करत होता की समोर आला असता तर त्याने गचांडी धरली असती. सकाळी उठून त्याने दाढी केली, आणि नेहमीपेक्षा जरा नीटच केली, कारण दुपारी तिच्याकडे जायचं होतं.

हे सगळं त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं. मेहुणा दर रविवारी ताईला भेटायला यायचा. तो नाटकांचे संवाद लिहायचा, मग सिनेमाचे लिहायला लागला, पण ताईपुढे अजून धाकटाच होता. तिने त्याला कधी ओळखलं, कधी वाण्याचा माणूस समजून यादी सांगितली. एकदा ती झोपल्यावर दोघे इमारतीखाली बाकावर बसले होते. त्या दिवशी त्याला गप्प राहवलं नाही. लाज वाटत होती, तरी शर्टाचं सांगितलं, 'कुणी नाही'चं सांगितलं, अंथरुणावरच्या रागाचंही सांगितलं. मेहुणा आधी इतका हसला की पोट धरून वाकला, मग वाकलेलाच राहिला, आणि वर पाहिलं तेव्हा रडत होता. "हे कुणाजवळ बोलू नकोस," तो म्हणाला होता. "वेडे आहात का भावजी," मेहुणा म्हणाला होता, आणि त्याचा हात हातात धरून ठेवला होता. त्या हाताची ऊब त्याला अजून आठवत होती. आता वाटत होतं, हात धरलेला असतानाच तो मनात लिहीत असेल. एक हात आपल्या हातात आणि दुसऱ्या हाताने लिहीत असेल.

पण एवढंच असतं तर तो घरी जाऊन गप्प बसला असता. गप्प बसणं त्याला येत होतं. सिनेमा संपत आला तेव्हा ती दुपार आली. पडद्यावरची बायको नळवाल्यासाठी चहा करते. कपात ओतते. साखरेचा डबा उघडते. एक चमचा घालते, मग दुसरा, ढवळते आणि त्याच्यापुढे ठेवते. तो घोट घेतो आणि दचकतो. "बाई, मी बिनसाखरेचा..." आणि ती म्हणते, "प्या हो. किती दिवस कडू पिणार? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." थिएटर टाळ्यांनी दणाणलं. नट रडला, नटी रडली, मिठी मारली, गाणं सुरू झालं. दिवे लागले. मुलगी डोळे पुसत म्हणाली, "छान आहे ना हो बाबा?" तो उठला नाही.

कारण साखरेचं त्याने मेहुण्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती दुपार खरोखर झाली होती, ती जायच्या थोडे दिवस आधी. तिने लिफ्टवाल्याच्या कपात दोन चमचे साखर घातली होती, ढवळून पुढे ठेवला होता आणि खिडकीकडे पाहत बसली होती. त्याने घोट घेतला. तो पूर्ण ओळखीचा घोट होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, ती खिडकीबाहेरच पाहत होती. विचारावं असं फार वाटलं. पण विचारलं आणि ती घाबरली तर? दार धरून किंचाळली तर? तेव्हा तो काहीच बोलला नाही. आजार वाढलाय, गोंधळ झालाय तिचा, असं स्वतःला सांगत त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन शर्ट बदलला. ती गेल्यापासून तो रोज त्या घोटाकडे परत जात होता. ती साखर कुणाला घातली होती? लिफ्टवाल्याला की त्याला? एवढं एकच कळायला हवं होतं. बाकी सगळं गेलं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेहुण्याकडे गेला. बिल्डिंगची लिफ्ट खडखडत होती, दार नीट लागत नव्हतं. एरवी त्याने वॉचमनला बोलावून सांगितलं असतं. आज तो नुसता वर गेला. मेहुण्याने दार उघडलं. कानाला फोन, चेहरा फुललेला. "ठेवतो, घरचे आलेत," म्हणत त्याने फोन ठेवला. "या, या भावजी! पाहिलात? कसा वाटला?"

"शर्ट माझा होता."

मेहुण्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "बसा तरी."

"साखरेचं तुला कुणी सांगितलं?"

मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. चष्म्याशिवाय तो थोडा ताईसारखा दिसायचा. आतून त्याच्या बायकोने विचारलं, चहा टाकू का.

"ताईने," तो म्हणाला. "त्या रविवारी. मला तिने बरोबर ओळखलं होतं त्या दिवशी. म्हणाली, आज लिफ्टवाल्याला साखर घातली. बघत होते, काय म्हणतो. काही म्हणाला नाही."

"मग?"

"मी विचारलं, ताई, तो कोण आहे ते माहीत आहे तुला? तर म्हणाली, कधी माहीत असतं, कधी नसतं. असतं तेव्हाही मी तसंच दाखवते. नाहीतर ते बोलायचे बंद होतील."

फोन पुन्हा वाजायला लागला. मेहुण्याने तो उशीखाली ढकलला. उशीखालून वाजत राहिला.

"मला सांगितलं नाहीस."

"तिने शपथ घातली होती भावजी. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस."

"आणि सिनेमाला शपथ नव्हती?"

"ती गेल्यावर सांगणारच होतो. पण तुम्ही कुणाशी बोलतच नव्हतात. मी आलो की पेपर उघडून बसायचात. मग म्हटलं, लिहावं. तुम्ही पाहाल, तुम्हाला कळेल. मुलीलाही विचारलं मी. ती हो म्हणाली. आणि लोक हसतात ते वाईट नाही हसत हो, प्रेमाने हसतात. कुणाला माहीत आहे तो माणूस कोण?"

"मला माहीत आहे."

"शेवट मी चांगला केला," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "तिला बोलतं केलं. खऱ्यात ती बोलली नाही ना."

तो उठला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडण्याची सवय नव्हती. मुलगी हो म्हणाली. मेहुण्याने ऐकलं, लिहिलं, नटांनी पाठ केलं, कॅमेरावाल्याने पाहिलं, पोस्टर लावणाऱ्यालाही बहुतेक कथा ठाऊक असेल. गावभर सगळ्यांना कळून झाल्यावर ती गोष्ट त्याच्यापर्यंत आली होती, तिकीट काढून. आणि बायकोसुद्धा. ती खिडकीबाहेर पाहत बसली होती आणि वाट पाहत होती, हा काय म्हणतो. रविवारी भावापाशी बोलली, त्याच्यापाशी नाही. जिना उतरताना वळणावर त्याचे पाय आपोआप थांबले. शर्ट बदलायची जागा आली की थांबायची सवय. कोणता चढवायचा, हे मात्र आता त्याला कळेना. कुठल्या दिवशी तिला माहीत होतं? पोहण्याचं तिने कुणाला सांगितलं, बाकावर घोरण्याचं कुणाला? 'कुणी नाही' म्हणाली तेव्हा कुणाशी खोटं बोलली? तो लिफ्टवाला, ज्याचा त्याने द्वेष केला, ज्याच्यासाठी दाढी केली, तो निदान फसवला तरी गेला नव्हता असं त्याला वाटत आलं होतं. आता तोही फसला होता.

मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही चिडलात? मामा म्हणत होता."

"बरं," तो म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून त्याने फोन कानापासून दूर धरला.

काही दिवसांनी, दुपारी, तो एकटा थिएटरात गेला. खाकी शर्ट घालून. का घातला ते त्याने स्वतःला विचारलं नाही. दारावरच्या माणसाला वाटलं दुरुस्तीला आलाय. "मागून जा, ते एसीवाले मागून गेलेत." त्याने तिकीट दाखवलं. त्याची जागा रांगेच्या मधोमध होती, शेजारी एक गृहस्थ घरच्या सगळ्यांना घेऊन बसले होते. शर्टाला लोक हसले, कपाला हसले, मिशीला हसले. त्याला या वेळी त्रास झाला नाही, तो वाट पाहत होता. नटी चांगली होती, पण चहा चुकीचा करत होती, आधण उकळायच्या आत पावडर टाकत होती. तिचे चमचे कपाला खणखण लागत होते. बायकोचा चमचा कधी वाजायचा नाही. मुलगी तान्ही होती तेव्हा ती जागी होऊ नये म्हणून लागलेली सवय ती.

"आता बघा आजोबा," शेजारचे गृहस्थ त्याच्याकडे वाकून म्हणाले. "आता खरी मजा आहे. मी दुसऱ्यांदा आलोय. तिला सगळं माहीत असतं!"

नटीने डबा उघडला. एक चमचा. थिएटर गप्प झालं. तो पुढे सरकून बसला, हात गुडघ्यांवर. दुसरा चमचा. तिने ढवळलं, कप पुढे ठेवला आणि एक क्षण, बोलायच्या आधी, ती खिडकीकडे पाहत राहिली. एवढंच. एवढं मेहुण्याने खरं ठेवलं होतं. त्या क्षणी कुणीही काही बोललेलं नव्हतं, घोट गोड होता, आणि समोर बसलेल्या बाईला तो माहीत होता.

तो उठून उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, बसा की खाली!" गृहस्थांनी पाय आत घेतले, पण त्यांना राहवलं नाही.

"अहो, आत्ता कुठे चाललात? आत्ताच तर दोघं एकमेकांना सांगतात!"

"ते झालं नाही," तो म्हणाला, आणि पडद्याकडे न पाहता दाराकडे निघाला. दार लोटलं तेव्हा मागे टाळ्या वाजत होत्या.